वाचक विचारतात : ‘भारत-चीन संबंध’ हा पीएचडीचा विषय होत नाही

प्रश्न : राज्यशास्त्रात ५८ टक्क्यांनी एमए झालो. आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा अभ्यासात पीएचडी करून प्राध्यापक व्हायचंय. विषय ‘भारत-चीन संबंध’ ठरवलाय. नेट कोणत्या विषयातून देऊ? चिनी भाषा यायलाच हवी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिची ५५ टक्क्यांची अट तुम्ही पार केली आहे. नेटला राज्यशास्त्राचा कोड ०२, संरक्षण व सामरिकशास्त्राचा ११, तर आंतरराष्ट्रीय संबंध आणि क्षेत्र अभ्यासांचा मिळून ९०. नोकरी महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात हवी असेल तर ०२ घ्या. इथल्या जागा बहुतांशी राज्यशास्त्राच्या निघतात आणि छाननीत विषय जुळला नाही की अर्ज तिथेच अडकतो. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र-गोव्याची सेट, म्हणजे राज्यपातळीची पात्रता परीक्षा, प्राध्यापकपदाला चालते, पण तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. २०२४ पासून नेटमध्ये ‘फक्त पीएचडीसाठी पात्र’ असाही गट आहे. त्यातले गुण एकच वर्ष चालतात, म्हणून निकालाआधीच संशोधन आराखडा तयार ठेवा. या गटाच्या पीएचडी प्रवेशात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

आता विषयाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. ‘भारत-चीन संबंध’ हे ग्रंथालयातल्या कपाटाचं नाव झालं. पीएचडीला प्रश्न लागतो. समजा, सीमेवर तणाव वाढू नये म्हणून भारत-चीनने केलेला १९९६ चा विश्वासवर्धक उपायांचा करार घेतला. त्याच्या सहाव्या कलमात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं ठरलं, आणि दहाव्यात रेषेबाबत दोघांची समजूत एक व्हावी म्हणून नकाशांची देवाणघेवाण. ताबारेषेच्या मधल्या विभागाचे नकाशे २००० साली दिले-घेतले गेले, पश्चिम विभागाचं काम २००२ मध्ये अडलं. मग रेषाच ठरलेली नसताना सहावं कलम इतकी वर्षं टिकलं कशामुळे? हा प्रश्न तीन-चार वर्षांत पेलता येतो, आणि मुलाखतीत मार्गदर्शकही त्यावर बोलू लागतात.

साधनं आधी तपासा. जुन्या सरकारी नोंदी संशोधकांना खुल्या करण्याची तरतूद १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात आहे, पण सीमेच्या फायली उघडतीलच या भरवशावर आराखडा बांधू नका. कित्येक प्रबंध इथेच रखडतात. करारांचे मूळ मसुदे, लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं, निवृत्त राजदूतांच्या आठवणी आणि मुलाखती एवढ्यावर निदान दोन प्रकरणं उभी राहतात का, ते पाहा.

भाषा हवीच. अस्खलित बोलता आलं नाही तरी चालेल, पण बीजिंगच्या प्रवक्त्याचं चिनी निवेदन इंग्रजी तर्जुम्याशी ताडून पाहता यायला हवं. कोणता शब्द गाळला, कोणता सौम्य केला, ते तिथेच कळतं. शून्यापासून एवढं यायला दोन वर्षं धरा आणि नेटच्या अभ्यासासोबतच सुरुवात करा. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी वर्णमालेपासून आरंभ करणाऱ्यांचे हाल होतात, कारण चिनीला वर्णमालाच नाही.