ताई कुठे बसायची?

“मॅडम, पन्नाशी आली आणि मी रोज रात्री जेवण झालं की जुने टीव्ही कार्यक्रम लावून बसतो. बायको म्हणते, तुम्ही मागेच अडकलात. हा काही आजार आहे का?”

डोंबिवलीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई-वडील गेल्यानंतर हा प्रश्न घेऊन येणारे बरेच असतात.

एकेकाळी याला आजारच मानत. १६८८ मध्ये योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो घरापासून दूर झुरणाऱ्यांच्या रोगाचं नाव म्हणून. आज आम्ही तसं समजत नाही. तरी मी आधी झोप, भूक, कामातलं लक्ष यांची चौकशी केली. दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, असं असतं तर त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

ते बघत होते ‘फ्लॉप शो’. जसपाल भट्टींची १९८९ मधली, जेमतेम दहा भागांची मालिका. दर भागात एका लबाडीची फिरकी आणि शेवटी सिनेमाच्या चालीवरचं विडंबनगीत. “पण आता हसू येत नाही हो. गाणं लागलं की आवंढाच येतो.”

“गाणं राहू दे. घरात कोण कुठे बसायचं, ते सांगा.”

हा प्रश्न मी नेहमी विचारते. कार्यक्रमाबद्दल माणसं ठरलेलं बोलतात. जागा आठवायला लागली की घर उभं राहतं.

गिरगावातली चाळीची खोली. घरात अप्पा, आई, ताई आणि हे. अप्पा सरकारी कचेरीत कारकून, ते खुर्चीत. आई खाली बसून मेथी निवडायची. खोट्या मेडिकल बिलांचा भाग लागला, तेव्हा अप्पा इतके हसले की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. “हा आमच्याच ऑफिसातला आहे रे!”

“आणि ताई?”

ते गप्प झाले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला.

“माझ्या मागे, पलंगावर. शेवटचं गाणं ती मोठ्याने म्हणायची, शब्द चुकवत.”

अप्पांच्या तेराव्यानंतर दोघांत बोलणं नव्हतं. कारण तेच, खोलीचा हिस्सा.

मला वाटलं ते मी स्पष्ट सांगितलं. रोज रात्री तुम्ही समोर बघता, पण कान मागे लागलेले असतात. अप्पा-आईंसाठी रडा, ते रडणं बरोबरच आहे. पण पलंगावरची ताई बोरिवलीत आहे. खोलीचा विषय न काढता तिला तो भाग पाठवा, सोबत एकच आठवण लिहा.

त्यांना तीन आठवडे लागले. मी घाई केली नाही. असा मेसेज पाठवताना बोट अडखळतंच. अप्पांच्या चष्म्याचं लिहून अखेर पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते त्यांनी मला फोनवर दाखवलं: “सदऱ्याला नाही, आईच्या पदराला पुसायचे. आई ओरडायची. नीट आठव.”

वाचताना ते हसले, मोठ्याने.

हिश्श्याचं अजून मिटलेलं नाही. पण पुढच्या महिन्यात ताई लेकीला घेऊन येणार आहे, आणि तिला आधी कोणता भाग दाखवायचा यावरून दोघांचं जुंपलंय.