टोचलेल्या कोंबडीचं आधी काय करायचं

तुमच्या कोंबडीला बाकीच्या कोंबड्यांनी टोचून जखमी केलंय म्हणता, पण घाबरू नका. कोंबडीची जखम दिसते भयंकर, पण कातडी लवकर भरते. मी पाठ पार सोललेल्या कोंबड्याही उभ्या राहिलेल्या पाहिल्यात.

पहिलं काम औषधाचं नाही, तिला वेगळं काढायचं. लाल दिसलं की बाकीच्या तिथंच चोच मारतात, अगदी तिच्यासोबत वाढलेल्यासुद्धा. डालग्याखाली, सावलीत ठेवा, पाणी जवळ. शक्यतो बाकीच्या दिसतील अशा जागी, नाहीतर परत सोडताना नव्यानं मारामारी.

मग जखम धुवा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, आणि सुईशिवायच्या सिरिंजनं हळू धार. रक्तानं चिकटलेली पिसं ओढू नका, भिजवून कात्रीनं कापा. वर पोव्हिडोन आयोडीन (जखमेवरचं जंतुनाशक) पाणी घालून, फिक्या चहाच्या रंगाचं. शेपटीच्या मुळाशी वर बोंडासारखा उंचवटा दिसेल. ती तेलाची ग्रंथी, गळू समजून पिळू नका. (मी पिळलं होतं.)

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- स्पिरिट ओततात. आग होते, भरणारी कातडीही जळते.
- माशा विसरतात. पावसाळ्यात तर एका दिवसात अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून बघा.
- खपली धरली की लगेच सोडतात. कातडी पूर्ण भरून पिसांचे खुंट येऊ द्या.

मांस उघडं पडलं असेल, वास येत असेल किंवा ती खात नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अँटिबायोटिक मनानं नको.

खुराड्यात गर्दी किती आहे ते कळवा, टोचण्याचं मूळ बहुतेक तिथंच असतं.