छिन्नमनस्क की दुभंगलेला?

प्रश्न असा आला आहे: स्किझोफ्रेनियाला मराठीत 'दुभंग व्यक्तिमत्त्व' म्हणावं की 'छिन्नमनस्कता'? आणि 'तो छिन्नमनस्क आहे' या वाक्यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे?

'दुभंग' आधी निकालात काढू. दिवसा सज्जन, रात्री खुनी, एका देहात दोन माणसं, हे मालिकावाल्यांचं आकलन. बहुव्यक्तिमत्त्वाचा विकार निराळा, आणि तोही पडद्यावर दिसतो तसा नसतो. स्किझोफ्रेनियात माणूस एकच असतो. त्याला समोर कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात याची पक्की खात्री वाटते, बोलण्याचा धागा तुटतो, उमेद आटते. यात 'दुसरा माणूस' कुठेच नाही. सरकार सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोललं की 'स्किझोफ्रेनिक धोरण' असं लिहिणाऱ्यांनी तर कमालच केली आहे. दुटप्पी, दुतोंडी, धरसोडीचं हे शब्द काय गंजायला ठेवलेत?

आता खरी मजा. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली बर्लिनमधल्या व्याख्यानात मांडलं. त्याआधी एमिल क्रेपेलिन यांचं 'डिमेन्शिया प्रिकॉक्स' चालत होतं, म्हणजे अकाली आलेला बुद्धिऱ्हास. ब्लॉयलर यांचं म्हणणं, आजार दर वेळी कोवळ्या वयातच सुरू होतो असं नाही आणि त्याचा शेवट बुद्धी झडण्यातच होतो असंही नाही. म्हणजे जुन्या नावातली शिक्षा काढून टाकायला आलेलं हे नाव! ग्रीक 'स्खिझो' म्हणजे चिरणं, फाडणं. 'फ्रेन' म्हणजे मन. त्यांना अभिप्रेत असलेली फूट विचार, भावना, इच्छा यांच्या एकमेकांशी असलेल्या जोडणीतली होती.

हा 'स्खिझो' आणि आपला संस्कृत 'छिद्' धातू सख्खी भावंडं आहेत, दोघांचं इंडो-युरोपीय मूळ एकच. छेद, छिद्र, विच्छेद, छिन्न ही आपल्याकडची लेकरं, लॅटिनमध्ये 'स्किन्दो'. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पापुद्र्यांनी सुटणारा शिस्ट खडक मिळतो, त्याचं नावही याच ग्रीक घराण्यातलं. तेव्हा ज्याने कोणी 'छिन्नमनस्कता' घडवला त्याने हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या भावंडांची गाठ घालून दिली. 'फ्रेन'कडे मात्र त्याने जरा दुर्लक्ष केलं. होमरच्या काव्यात फ्रेन छातीत असतं, पुढे वैद्यकात ते श्वासपटल झालं. आजही श्वासपटलाला जाणाऱ्या चेतातंतूला फ्रेनिक म्हणतात. उद्या कोणी 'छिन्नपटलता' सुचवली तर मी निदान ऐकून तरी घेईन.

परिभाषेचे कैवारी इथे टाळी वाजवतात: शब्द मुळाशी इमानी आहे, झालं. नाही झालं. मुळाशी इमान राखताना कानाकडे कोण बघणार? जिवंत मराठीत 'छिन्न' बहुधा 'छिन्नविच्छिन्न'मध्येच भेटतो, तोही रुळांवर सापडलेल्या देहाच्या बातमीत. मुलाच्या आईला डॉक्टरांनी 'छिन्नमनस्कता' सांगितलं की तिला ऐकू येतं, आता हे सांधायचं नाही. प्रत्यक्षात औषधं आणि पुनर्वसन मिळालं तर अनेक जण शिकतात, नोकरी करतात.

जपानची अडचण हीच होती. तिथलं जुनं नाव 'सेइशिन बुनरेत्सु ब्यो', म्हणजे मन फुटण्याचा रोग. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी लावून धरली आणि २००२ साली ते 'तोगो शिच्चो शो' झालं. अर्थ साधारण 'एकसंधपणा बिघडण्याचा विकार'. तिथल्या एका पाहणीत, रुग्णाला निदान सांगण्याचं प्रमाण सुमारे ३७ टक्के होतं, ते तीन वर्षांत सुमारे ७० टक्क्यांवर गेलं. डॉक्टरांच्या जिभेलाच ते जुनं नाव जड जात होतं. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये तंतुवाद्याच्या तारा जुळवण्यावरून नाव घेतलं. तंबोरा उतरला तर लावता येतो. आपल्या कोशकारांना हे का सुचू नये?

पण नुसतं नाव बदलून भागत नाही. 'मतिमंद' सभ्य म्हणून आला आणि शाळेच्या मैदानात शिवी झाला. 'वेड्यांचं इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आलं, तर लोकांनी गावालाच कामाला लावलं: 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला भरती करा'. शब्दापेक्षा वाक्याची घडण जास्त घात करते, आणि इथे मराठीची 'ला' ही विभक्ती फार शहाणी आहे. 'त्याला ताप आहे' म्हणतो. 'तो तापट आहे' म्हटलं की आजार जातो आणि स्वभाव येतो! 'वेड लागलं', 'पिसं लागलं' यांतही लागणारी वस्तू माणसाबाहेरची. 'पिसं' थेट पिशाच्चावरून आलंय. ती समजूत सोडा, व्याकरण ठेवा. जे लागतं ते सुटूही शकतं. 'तो वेडा आहे', 'तो स्किझोफ्रेनिक आहे' या वाक्यांत सुटायला जागाच नाही.

हा फरक कायद्यातही दिसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाचं कारण म्हणून मानसिक विकाराची व्याख्या आहे, त्यात स्किझोफ्रेनिया नाव घेऊन लिहिलाय. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की नुसता शिक्का पुरत नाही. सोबत राहणं अवघड व्हावं इतकी तीव्रता सिद्ध व्हायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ सांगतं की केवळ मानसिक आजार ठरला म्हणून ती व्यक्ती विकल मनाची मानायची नाही. ते न्यायालयाने जाहीर करायचं.

तेव्हा मजकुरात 'स्किझोफ्रेनिया' सरळ तसाच लिहा, जसा मलेरिया लिहिता. पारिभाषिक लेखात एकदा 'छिन्नमनस्कता' येऊ द्या. 'स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती' लांब वाटत असेल तर 'तिला स्किझोफ्रेनिया आहे' लिहा, ते आखूडच आहे. आणि 'आरोपी मनोरुग्ण असल्याचे समजते' हे गुन्हेवार्तेतलं लाडकं वाक्य: कोणाकडून समजते? डॉक्टरांचं निदान हाती नसेल तर वाक्य काढा. असेल आणि घटनेशी त्याचा संबंध असेल, तर आजाराचं नाव द्या आणि उपचार चालू होते की सुटले होते तेही लिहा.