चिखलातले बारीक किडे, मशीन गेल्यावर परत येतात का?

प्रश्न: बॅटरीसाठी निकेल-कोबाल्ट हवं म्हणून समुद्राच्या तळावरचे धातूचे गोटे उचलणार असं वाचलं. तिथे म्हणे मोठे प्राणी कमीच, बहुतेक डोळ्यालाही न दिसणारे किडे. असले बारीक जीव तर भराभर वाढतात, मग वर्षा-दोन वर्षांत होतील की परत, एवढी बोंब कशाला?

उत्तर: भराभर वाढायला आधी पोटाला तर मिळायला हवं ना! पॅसिफिकमध्ये हवाई आणि मेक्सिकोच्या मध्ये क्लॅरियन-क्लिपरटन नावाचा पट्टा आहे, सगळ्यांचा डोळा त्याच्यावर, तिथे तळ चार ते साडेपाच किलोमीटर खाली, उजेड शून्य, आणि खायला काय तर वरून गळत येणारे मेलेल्या प्लँक्टनचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे) कण, तेही वाटेतच बरेचसे फस्त होतात. त्यात हे बारीक जीव, म्हणजे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे किडे), कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवले जीव) वगैरे, बहुतेक सगळे चिखलाच्या वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच, कारण खाणं तिथेच पडतं. आणि मशीन नेमका तोच थर गोट्यांसकट खरवडून नेतं.

याचा अंदाज आहे बरं का, नुसती भीती नाही. याच पट्ट्यात 1978 मध्ये चाचणीसाठी तळ खरवडला होता, चर जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोल. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच चरातला चिखल काढून बघितला तर सूत्रकृमींची संख्या आणि जाती दोन्ही आजूबाजूपेक्षा कमीच, म्हणजे 26 वर्षं गेली तरी! पेरू देशाजवळच्या समुद्रात 1989 मध्ये मुद्दाम तळ नांगरला होता, तिथे तर 2015 मध्येही नांगराच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या आणि बॅक्टेरियांचं कामसुद्धा मंदावलेलंच.

शिवाय धुरळा उडतो तो वेगळाच. तो शेजारच्या, न खणलेल्या तळावर बसतो आणि पाणी गाळून खाणाऱ्यांची पंचाईत होते. किती लांब जातो यावर अजून वाद चालू आहे, पण बराचसा जवळपासच बसतो असं दिसतंय, तेव्हा अख्खा महासागर गढूळ होणार वगैरे जे फिरतंय ते मला तरी अतिशयोक्त वाटतं.

खरी अडचण गोट्यांची. त्यांच्या खाचाखोचांत राहणारे जीव वेगळे असतात, आजूबाजूच्या चिखलातल्यांपेक्षा. चिखलातले काही उशिरा का होईना परततील, पण गोटा वाढतो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, मग या मंडळींनी परत येऊन राहायचं कुठे?