माळकरी वडिलांना इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबमध्ये जेवायला नेलं तर चालेल का?

हो, न्या. बिनधास्त न्या.

जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन भाड्याच्या गाडीने कॉट्सवोल्ड्स आणि यॉर्कशायर डेल्स हे इंग्लंडमधले डोंगराळ ग्रामीण भाग फिरणार, दोघंही शाकाहारी, वडिलांच्या गळ्यात माळ, मग पबमध्ये जेवावं की कुकर बरोबर न्यावा, असं तुम्ही विचारलंय. कुकरचं नंतर बघू. माळेचं वाचलं आणि मला राहवलं नाही, कारण याच माळेवरून आमच्या घरात आजही बोलणी होतात.

माझे सासरे, आबा, माण तालुक्यातले. आयुष्यभर शेती आणि मेंढरं. पंढरीची वारी चुकवली नाही. 2018 च्या मे महिन्यात ते आमच्याकडे लीड्सला आले होते, वय 74. एका शनिवारी आम्ही त्यांना डेल्समध्ये नेलं. हॉज़ या गावी चीज कसं करतात ते बघितलं आणि तिथून खिंड चढून पलीकडच्या स्वेलडेल खोऱ्याकडे निघालो. खिंडीच्या रस्त्यालगत चुनखडकात विहिरीसारखी खोल भोकं आहेत, त्यांना बटरटब्ज म्हणतात. बाजाराला निघालेले शेतकरी लोणी वितळू नये म्हणून वाटेत त्यांत सोडून ठेवायचे, असं तिकडे सांगतात. आबांना प्रत्येक भोकात वाकून बघायचं होतं. उशीर झाला, आणि पलीकडच्या गावातल्या पबमध्ये शिरलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. स्वयंपाकघर दोनला बंद.

ही वेळेची गोष्ट आधी लक्षात ठेवा, कारण तुम्ही उपाशी राहिलात तर याच कारणाने राहाल. खेड्यातल्या पबमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन-अडीच, मग थेट संध्याकाळी सहाला. मधे पब उघडा दिसतो, माणसं पीत बसलेली असतात, पण चूल बंद. बऱ्याच ठिकाणी रविवारी संध्याकाळीही बंद, आणि सोमवारी तर दिवसभर.

तर मालकीणबाई म्हणाल्या, गरम काही नाही, पण थंड ताट देते. त्यांनी प्लाउमन्स लंच दिलं, म्हणजे नांगरणाऱ्याचं जेवण. मी म्हटलं, हॅम (डुकराचं मांस) नको. त्या म्हणाल्या, नाहीच घालत. लाकडी फळीवर पावाचे दोन जाड तुकडे, वेन्स्लीडेल चीजचा मोठा ढलपा, सफरचंदाच्या फोडी, तपकिरी आंबटगोड लोणचं आणि व्हिनेगरातला अख्खा छोटा कांदा. आबांनी सुरी-काटा बाजूला सारला, पाव हाताने मोडला, वर लोणचं घेतलं. कांदा फोडून खाल्ला आणि म्हणाले, "मुरलाय की चांगला." (या नावाचं ताट काही फार जुनं नाही. 1950-60 च्या दशकांत चीजवाल्यांच्या संस्थांनी प्रचार करून ते पबांमध्ये रुळवलं. शेतावर पाव, चीज, कांदा बांधून नेण्याची रीत मात्र जुनी.)

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा शेतकरी बसला होता, पायाशी कुत्रा. आबांची पांढरी टोपी बघून त्याने विचारलं, कुठून आलात. मी सांगितलं, यांचीही मेंढरं होती. झालं. स्वेलडेलची मेंढी काळ्या तोंडाची, शिंगांची. ती रस्त्यावरच बघून आबांचं मन भरलं होतं. त्यांनी मला विचारायला लावलं, "वय दातावर वळखत्यात का, इचार." मी विचारलं. त्या माणसाने स्वतःचं तोंड उघडून खालच्या दातांवर बोट ठेवलं आणि बोटांनी दाखवलं: दोन, चार, सहा, आठ. आबा म्हणाले, "दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळली." त्याचा शब्द होता फुल माउथ. म्हणजे जुळलीच. अर्धा तास दोघं बोलत होते आणि मधे मी जेमतेम दहा वाक्यं भाषांतर केली असतील. इंग्लंडमधल्या मुक्कामात आबा दुसऱ्या कुणा परक्याशी इतकं बोलले नाहीत.

मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लंडनमधल्या हॅरोला राहणाऱ्या माझ्या मोठ्या दिरांचा अर्ध्या तासात फोन. "आबांच्या गळ्यात माळ आहे आणि तुम्ही त्यांना गुत्त्यात नेऊन बसवलंत?" त्यानंतर प्रत्येक गणपतीत, प्रत्येक बारशाला हे ऐकलंय मी.

भाऊजी तीस वर्षं या देशात आहेत आणि खेड्यातल्या पबमध्ये एकदाही जेवलेले नाहीत. गुत्ता असा असतो? तिथे नातवंडं आजीबरोबर जेवत असतात, भिंतीवर गावच्या क्रिकेट सामन्यांचं वेळापत्रक असतं, काही गावांत तर पोस्टाचं कामसुद्धा पबमधूनच चालतं. आबांनी त्या दुपारी पाणी प्यायलं. मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यायचं, असा परवान्याचा नियमच आहे. भाऊजींचा दुसरा सल्ला, जवळच्या बाजारगावात करी हाऊस, म्हणजे भारतीय पद्धतीच्या जेवणाचं हॉटेल, गाठायचं. त्यातली बरीचशी उघडतात संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी दोनला भूक लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? आणि शेजारी जेमतेम पन्नास पावलांवर ताट मिळत असताना पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं टाकून वाऱ्यात थेपले खायला लावणं, ही मला सेवा वाटत नाही. आई-वडिलांना देश दाखवायला आणायचं आणि तिथल्या एकाही माणसाच्या शेजारी बसू द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

आता तुमच्या ताटाचं. ऑर्डर बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून द्यायची, बसून वाट बघू नका. यॉर्कशायरमध्ये चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, गाईच्या चरबीत तळायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, तेव्हा "कशात तळता" हे रोज, प्रत्येक ठिकाणी विचारा. रविवारच्या रोस्टमधले (भाजलेल्या मांसाच्या जेवणातले) बटाटे चरबीत भाजलेले असू शकतात, मैदा-अंड्याचं यॉर्कशायर पुडिंगही. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. आणि एक नीट समजून घ्या: त्यांच्याकडे ॲलर्जीची यादी असते, कायद्याने 14 गोष्टी सांगाव्या लागतात. त्यात दूध, अंडं, मासे आहेत, पण मांस किंवा चरबी नाही. यादी बघून निर्धास्त होऊ नका, तोंडाने विचारा. राग कुणी मानत नाही, आत जाऊन विचारून येतात.

चीजचं मात्र मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. चीजसाठी दूध ज्याने घट्ट करतात ते रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं. बरीच ब्रिटिश चीज आता शाकाहारी रेनेटने करतात, पण सगळी नाही, आणि पाकिटाबाहेर काढलेल्या ढलप्यावर काही लिहिलेलं नसतं. भाऊजींनी हे नंतर काढलं आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी विचार. तेव्हापासून विचारते. तुमचे वडील याबाबतीत कडक असतील तर चीज टाळा.

आईंना कुत्र्यांची भीती असेल तर टेबल घेतानाच सांगा, बहुतेक पबमध्ये कुत्री आत येतात. रविवारी दुपारसाठी दोन-तीन दिवस आधी फोन करून ठेवा.

कुकर न्यायचा तर न्या, रात्री कॉटेजवर मुगाची खिचडी कुणालाही बरी वाटते. आणि जूनमध्येही दोन एकादश्या येतीलच. त्या दिवशी जॅकेट पोटॅटो मागा. सालीसकट भट्टीत भाजलेला आख्खा बटाटा येतो. नुसतं लोणी आणि मीठ म्हणायचं, बीन्स (म्हणजे कडधान्य) नको हे दोनदा सांगायचं.