शार्प लेन्स मिळत असताना रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (ज्यात लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करतात) जुन्या धाटणीची लेन्स का लावायची?

कारण फोटोत शार्पनेसच सगळं नसतं हो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत सकाळचा उजेड दारातून आत येतो ना, तिथे भांड्यावर ठोके घालणाऱ्या कारागिराचा फोटो सोनार (Sonnar) या जुन्या रचनेच्या लेन्सने एफ १.५ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, काढून बघा, ठोक्यांच्या खुणांवरची चकाकी जराशी पसरते, कडा मऊ होतात आणि तरी चेहरा मागच्या गर्दीतून मस्त सुटून येतो. हे पूर्ण न काढलेलं स्फेरिकल अ‍ॅबरेशन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा दोष), तीच लेन्स एफ ४ ला नेली, म्हणजे तिचं छिद्र लहान केलं, की बरीच कडक होते. मूळ सोनार लेन्स डिझायनर लुडविग बर्टेलेंचं, १९३० च्या दशकातलं, काच-हवेचे पृष्ठभाग कमी, कारण काचेवरचं परावर्तन कमी करणारं कोटिंग तेव्हा नव्हतं. झाइसची सी सोनार त्याच वळणाची. फोक्टलेंडरची ३५ एमएम नोक्टन क्लासिक तर मुद्दाम सिंगल कोटिंगमधेही (कोटिंगचा एकच थर) काढलीये, समोरून उजेड आला की काँट्रास्ट उतरतो, ब्लॅक अँड व्हाइटला मला तेच आवडतं. शिवाय लेन्स इवलीशी, व्ह्यूफाइंडर फारसा अडत नाही.

फक्त सोनार एफ १.५ ला जुळवलेली असेल तर २.८ ला फोकस माणसाच्या मागे सरकतो आणि रेंजफाइंडरमधे ते दिसत नाही, त्यामुळे जवळून पोर्ट्रेट घेताना फोकस करून किंचित मागे झुका.