तीन वायरी, एक स्विच आणि अंबडचं ऑफिस

प्रश्न : सर नमस्कार, नाशिकच्या अंबडला आमचं सात कॉम्प्युटरचं छोटं ऑफिस आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं १००-१०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय आणि तिसरी पुण्याच्या हेड ऑफिसने दिलेली प्रायव्हेट लाइन, बिलिंग त्यांच्या सर्व्हरवर चालतं म्हणून. तिन्ही वायरी एकाच नेटवर्क स्विचमध्ये (सगळे कॉम्प्युटर जोडायचा डबा) खोचल्यात. आता होतं काय की एका टेबलवर बिलिंग चालतं तर नेट नाही, शेजारी नेट आहे तर बिलिंग गायब, आणि २०० चा स्पीड तर एकदाही दिसला नाही. भाचा म्हणतो मामा महागाचा राउटर घ्या. घेऊ का?

उत्तर : राउटर घ्या, पण महागाचा कशाला. आधी त्या तिन्ही वायरी स्विचमधून काढा. तिन्ही लाइनींचे डबे (मोडेम) आपापल्या परीने कॉम्प्युटरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटत बसतात, ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता आणि त्याचाच गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, कॉम्प्युटर घेतो. सीबीएस स्टँडवर तीन रिक्षावाले एकदम ओरडतात आणि तुम्ही पहिल्याच्या रिक्षात बसता तसंच, मग ती पंचवटीला जाते का सातपूरला हे तुमच्या नशिबावर.

मल्टी-वॅनवाला, म्हणजे बाहेरच्या एकाहून जास्त लाइनी घेणारा राउटर घ्या, तीन वॅन पोर्ट चालतील असा बघून. तिन्ही वायरी त्यात, त्यातून एकच वायर स्विचला, आयपी वाटायचं काम फक्त त्याचं. दोन्ही कंपन्यांचे डबे बहुतेक १९२.१६८.१.१ वरच असतील, मग राउटर गोंधळतो, तर एकाचा १९२.१६८.२.१ करा आणि ऑफिसला तिसराच काहीतरी द्या, १९२.१६८.५०.१ वगैरे.

पुण्याच्या लाइनला डिफॉल्ट गेटवे अजिबात करायचं नाही. स्टॅटिक रूट टाकायचा, म्हणजे समजा त्यांचं नेटवर्क १०.२०.०.० असेल तर तेवढंच त्या लाइनवरून जाईल आणि बाकी सगळं नेटवरून. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात, पुण्याच्या राउटरलाही तुमच्या ऑफिसकडे परत यायचा रस्ता माहीत पाहिजे, नाहीतर पॅकेट जातं आणि उत्तर काही येत नाही. ते रूट टाकायला तयार नसतील तर आपल्या राउटरवर त्या पोर्टला नॅट चालू करा, म्हणजे पुण्याला सगळं राउटरच्याच पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं. सर्व्हर नावाने उघडत असेल तर त्या नावाची चौकशी पुण्याच्या डीएनएसकडेच (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) गेली पाहिजे, बाहेरच्या डीएनएसला ते नाव कुठून कळणार.

२०० चं विसरा. एक डाउनलोड एकाच लाइनवरून जातं, राउटर कनेक्शनं वाटतो, एका कनेक्शनचे तुकडे करत नाही. सात जण एकदम बसले तर दोन्ही लाइनी मिळून वापरल्या जातील एवढंच. पण त्यातही बँकेची साइट मध्येच बाहेर काढते कारण लॉगिन एका आयपीवरून आणि पुढचं पान दुसऱ्यावरून. मला विचाराल तर अकाउंटवाल्यांचे कॉम्प्युटर एका लाइनला बांधून टाका, बाकीचे दुसरीला, आणि एक पडली की सगळे दुसरीवर. लाइन चालू आहे का हे तपासायला पिंग (‘आहेस का’ अशी हाक) ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला लावा. कंपनीच्या डब्याला लावलं तर रस्त्यात फायबर तुटलं तरी डबा हो हो म्हणत राहतो.

आणि हो, बाहेर जाऊन जरा वर बघा. दोन्ही फायबर एकाच खांबावरून आलेत ना? सध्या सिंहस्थाच्या कामांत जिथे तिथे खोदाई, जेसीबी काही कंपनी बघून वायर तोडत नाही. म्हणून एखादा सिमचा डोंगल राउटरच्या यूएसबीला लावून ठेवा, राउटरला चालतो का ते घ्यायच्या आधी बघा. फायबरचे डबेसुद्धा यूपीएसवर घ्या.

हे सगळं सुट्टीच्या दिवशी करा आणि बिलिंग चालू ठेवून एकेक वायर उपटून बघा. फक्त पुण्याच्या आयटीवाल्यांना फोन आदल्या दिवशीच करा, सुट्टीच्या दिवशी ते काही उचलणार नाहीत.